‘सकाळी अंग धरतं’ : सांधेदुखीचे विद्यार्थी आणि आपली मराठी

(अकादमीच्या वार्षिक चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘ज्ञानभाषा मराठी’ या विषयावर बोलायला उभे राहिले की आपण सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर परिभाषेचा इतिहास सांगतो, नाहीतर परिभाषा नाही म्हणून हळहळतो. मी आज या दोन्ही वाटा सोडून एका लहानशा कोपऱ्यात जाणार आहे. सांध्यांची, हाडांची आणि स्नायूंची दुखणी शिकणारे विद्यार्थी, म्हणजे फिजिओथेरपीचे, नर्सिंगचे, एमबीबीएसचे, कशावरून शिकतात आणि त्यांच्या त्या शिकण्याच्या साहित्यात आपल्या भाषेने काय घालायचे राहिले आहे, एवढाच माझा विषय आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागते ते साहित्याचे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे चहाच्या वेळी कोणी गुडघा पुढे करणार नाही.

या विषयात मी पडले ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती आता ग्वाल्हेरला फिजिओथेरपी शिकवते. तिच्या वर्गात बिहारची मुले आहेत, पूर्व उत्तर प्रदेशची आहेत, दोघी केरळच्या आहेत. आणि त्यांच्यापुढे येणाऱ्या रुग्णांत लष्कर भागातल्या, जीवाजीगंजातल्या आपल्या आज्या-काकू बऱ्याच असतात. या बायका हिंदी बोलतात, पण दुखणे सांगायची वेळ आली की हिंदी सुटते आणि मराठी येते. ‘बेटा, घुटना दुखता है’ इथपर्यंत ठीक चालते, पुढे ‘पण कसं सांगू, नुसती रग लागते गं’. विद्यार्थी केसपेपरवर लिहितो ‘पेन’. दुसरी बाई म्हणते ‘ठणका लागतो’, तो लिहितो ‘पेन’. तिसरी म्हणते ‘चमक निघते’. तिथेही ‘पेन’. माझी विद्यार्थिनी मला म्हणाली, “मॅडम, या मुलांकडे पुस्तकं भरपूर आहेत. पण या तीन बायकांची तीन दुखणी कागदावर एकच होतात, त्याचं काय करू?”

पुस्तके भरपूर आहेत हे खरेच. वैद्यकाचा देशभरचा विद्यार्थी जे चौरसियांचे शरीररचनाशास्त्र वाचतो, ते डॉ. बी. डी. चौरसिया आपल्या ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातले. त्या पुस्तकाची साधी रेघांची चित्रे विद्यार्थ्याला परीक्षेत स्वतःच्या हाताने काढता येतात, हे त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण. हाताचा खंड वेगळा, पायाचा वेगळा. सांधा कसा बनतो, कुठला स्नायू कुठे चिकटतो, सगळे तिथे आहे. इंग्लंडात १८५८ साली निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी हिंदुस्थानात आले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, हेही या निमित्ताने आठवते. त्याच कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठी माध्यमाचे वर्ग चालत आणि त्यांच्यासाठी मराठीत वैद्यकाची पुस्तके लिहिली जात. तेव्हा ‘मराठीतून वैद्यक’ ही कल्पना आज कोणाला सुचली असे मानायचे कारण नाही.

आपल्या मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तके हिंदीत प्रकाशित झाली : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. त्यावर बरेच विनोद झाले. मला त्यात विनोदासारखे काही दिसले नाही. पारिभाषिक शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवून स्पष्टीकरण हिंदीत करायचे, हा त्यांचा मार्ग शहाणपणाचाच आहे. परंतु त्या पुस्तकांनी माझ्या विद्यार्थिनीची अडचण सुटत नाही. पुस्तक कुठल्याही भाषेत असले तरी ते डॉक्टर काय बोलतो ते शिकवते. रुग्ण काय बोलतो ते कोण शिकवणार? २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत भागात स्थानिक भाषेसाठी तास राखले आहेत. जागा आहे, तास आहेत. त्या तासांत शिकवायचे काय, हे मात्र भाषेच्या माणसांनी सांगायला हवे, आणि भाषेची माणसे म्हणजे आपणच.

आता मूळ दुखण्याकडे येते. आपल्याकडे सांधे दुखले की म्हणतात ‘संधिवात’. या एका शब्दाखाली कितीतरी निरनिराळी दुखणी नांदतात. त्यातली दोन तरी वेगळी ओळखता यावीत असे डॉक्टर मंडळी सांगतात. एकात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, वर्षानुवर्षे खराब होत जाते. आपले गुडघे बहुतेक याच वाटेने जातात. दुसऱ्यात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर उठते. अस्तर सुजते, फुगते आणि शेजारचे हाड कुरतडू लागते. याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हे नाव १८५९ साली आल्फ्रेड गॅरड या इंग्रज डॉक्टरने सुचवले. हा आजार म्हातारपणाचा नव्हे. तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन जी पाहणी झाली, तीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ०.५ टक्के निघाले. म्हणजे दोनशे माणसांत एक. एखाद्या गल्लीत एक तरी.

या दुसऱ्या प्रकारात वेळेला फार किंमत आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचू शकतात. उशीर झाला तर हाडाची जी कुरतड झाली ती भरून येत नाही. आणि हा उशीर पुष्कळदा आपल्या घरात, आपल्या भाषेत होतो. बाई म्हणते, बोटे दुखतात. घरचे म्हणतात, संधिवात असेल, वयाचा परिणाम. मग वांगी बंद, दही बंद, बटाटा बंद, तेल लावून शेक. वात म्हटला की पथ्य आलेच, आणि पथ्य आले की डॉक्टर पुढच्या महिन्यावर जातो. आयुर्वेदाला यात दोष देऊ नये. जुन्या वैद्यांनी असा एकच शब्द वापरलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधी आणि वातरक्त यांचे अध्याय निरनिराळे आहेत, संधिगत वाताचे वर्णन वेगळे आहे. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. भेद होता. बोलीत आणि जाहिरातीत येता येता तो पुसला गेला.

आमच्या कोशकारांनी तो भेद परत आणण्याचा प्रयत्न केला. मराठी कोशवाङ्मयात रूमेटॉइड आर्थ्रायटिससाठी ‘संधिवाताभ संधिशोथ’ असा शब्द सापडतो. ‘आभ’ म्हणजे सारखा दिसणारा. मूळ इंग्रजी नावाचा तो प्रामाणिक आणि अचूक अनुवाद आहे. पण हा शब्द मी एका पासष्टीच्या बाईंना ऐकवला, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे खरा नाही ना?” आता यावर काय बोलणार!

म्हणून आम्ही आमच्यापुरते दोन साधे शब्द धरले : झिजेची सांधेदुखी आणि सुजेची सांधेदुखी. माझ्या विद्यार्थिनीच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी लगेच हरकत घेतली की झिजेच्या गुडघ्यालाही कधी कधी सूज येते. हरकत बरोबर आहे, आणि ती आम्ही शब्दाखाली टीप म्हणून लिहिली. शब्द बदलला नाही. कारण शब्दाचे पहिले काम एवढेच आहे, की ऐकणाऱ्याला ‘ही दोन निराळी दुखणी आहेत’ हे कळावे.

पण विद्यार्थ्याला त्यांच्यातला फरक ओळखता येणार कशावरून? तपासण्या, रक्त, एक्स-रे हे नंतरचे. आधी आहे ते रुग्णाचे बोलणे, आणि इथे आपल्या मराठीकडे जे आहे ते पाहून मी स्वतः थक्क झाले. तीस वर्षे व्याकरण शिकवत असूनही मी दुखण्याची क्रियापदे कधी एका ओळीत मांडली नव्हती. पाहा. कळ ‘येते’ आणि जाते. चमक ‘निघते’. उसण ‘भरते’. रग ‘लागते’. ठणकाही ‘लागतो’, पण तो लागून राहतो, रात्रभर. पोटरीत गोळा ‘येतो’. कंबर ‘धरते’, खांदा ‘आखडतो’, मान ‘अवघडते’, घोटा ‘मुरगळतो’. पायाला मुंग्या ‘येतात’. कातडीला हात लावला तरी दुखते तेव्हा ती जागा ‘हुळहुळते’. अंगात ‘कणकण’ असते, अंग ‘मोडून येते’. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून चालत नाही. आणि गंमत अशी की यात दुखणे किती आहे यापेक्षा ते कसे वागते, केव्हा येते, किती थांबते, कशाने वाढते, हेच क्रियापदात बसवलेले आहे. रग ही श्रमानंतरची. बसून राहिलेल्या माणसाला रग लागते ती फार वेळ एका जागी बसल्यामुळेच. कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत ‘उतरते’ असे कोणी म्हणाले, तर विद्यार्थ्याने सांधा सोडून मणक्यातल्या नसेकडे पाहायला हवे. आणि बोटे सुजलेली बाई जर सोबत ‘अंगात कसर वाटते’ म्हणाली, तर ते दुखणे एकट्या बोटांचे नाही. साऱ्या शरीराचे आहे.

सर्वांत मोलाचा शब्द आहे तो मी शीर्षकात घातला आहे. ‘सकाळी अंग धरतं.’ उठल्यावर सांधे आखडलेले असणे हे दोन्ही प्रकारांत असते. फरक आहे तो वेळेचा. झिजेच्या सांधेदुखीत ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होते. सुजेच्या सांधेदुखीत तासभर, कधी त्याहून जास्त. पुस्तकात विद्यार्थ्याने हे पाठ केलेले असते. तो विचारतो, “आजी, सकाळी किती मिनिटं आखडलेलं असतं?” आजीला मिनिटे माहीत नाहीत. घड्याळाकडे बघून कोण उठते? ती म्हणते, “असतं थोडा वेळ.” विद्यार्थी लिहितो, थोडा वेळ. आम्ही प्रश्न बदलून पाहिला : “चहा होईपर्यंत सुटतं, की स्वयंपाक उरकेपर्यंत?” याला आजीकडे लगेच उत्तर असते. एक बाई म्हणाल्या, “चहा कुठला, कणीक मळायला सूनबाईला सांगावं लागतं, अकरा वाजल्याशिवाय मूठ वळत नाही.” हे उत्तर केसपेपरवर जसेच्या तसे जायला हवे.

दुखणे मोजायला जगात साधने नाहीत असे नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत इंग्रजीतले ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. वेदनेच्या अभ्यासात भाषेला असे मानाचे पान त्यांनी दिले. पण कोणी उत्साहाने त्या ७८ शब्दांना ७८ मराठी शब्द शोधू लागला तर त्याने थांबावे. त्यांच्या पहिल्याच गटात थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग असे सहा शब्द चढत्या क्रमाने येतात. आपल्याकडे त्या जागी ठणकणे आणि ठसठसणे, झाले. उलट ‘उसण’ त्या ७८ मध्ये कुठे बसवणार? उचलून नेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. आपली यादी आपल्याच घरांतून निघायला हवी.

गुडघ्याच्या झिजेसाठी वोमॅक नावाची प्रश्नावली वापरतात. कॅनडातलीच, २४ प्रश्न. पाच वेदनेचे, दोन आखडण्याचे, आणि सतरा रोजच्या हालचालींचे. त्या सतरांत मोजे चढवणे आहे, टबात उतरणे आहे. लष्करातल्या आमच्या कुठल्या आजी टबात उतरतात? पुण्याच्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेस या संस्थेने तिचे भारतीय राहणीला जुळेल असे रूप केले, आणि ते संशोधनात वापरले जाते. हे काम विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. आपल्याकडे गुडघ्याची खरी परीक्षा मांडी घालण्यात आहे, उकिडवे बसण्यात आहे, पाटावरून हाताचा टेकू न घेता उठण्यात आहे. हाताची परीक्षा निऱ्या करण्यात, वेणी घालण्यात, धुणे पिळण्यात, डब्याचे झाकण फिरवण्यात.

आणि बांगड्या भरण्यात. हे आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. शब्द गोळा करताना दालबाजाराच्या बाजूला एका बाईंनी सांगितले की दोन वर्षांपूर्वी लग्नघरी बांगड्या भरायला बसल्या, कासारणीने नेहमीसारखा पंजा दोन्ही बाजूंनी दाबून बांगडी सरकवली आणि यांच्या तोंडून किंकाळी गेली. “सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर मी काचेच्या बांगड्या भरल्याच नाहीत, आपली प्लॅस्टिकची सैल घालते.” माझी विद्यार्थिनी तिथेच ताठ होऊन बसली. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे दाबून पाहणे ही या आजाराची एक प्राथमिक तपासणीच आहे. सुजेची सांधेदुखी बहुधा तिथून आणि मनगटातून सुरू होते. झिजेची बोटांच्या टोकाकडच्या पेरांना धरते. कासारणीने नकळत ती तपासणी करून दिली होती, दोन वर्षे आधी. त्या बाईंना आम्ही तज्ज्ञाकडे पाठवले. त्यांना सुजेचीच सांधेदुखी निघाली. डाव्या हाताची दोन बोटे आता सरळ होत नाहीत. उपचारांनी बाकीची वाचली आहेत.

तेव्हापासून आमच्या प्रश्नांत ‘बांगड्या भरताना दुखतं का? सैल बांगड्या कधीपासून घालता?’ हे दोन प्रश्न आहेत. केरळच्या त्या दोघी मुलींनी ते मराठीत पाठ केले आहेत आणि फार छान विचारतात.

औषधाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुजेच्या सांधेदुखीत मेथोट्रेक्सेट नावाची गोळी पुष्कळदा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्त तयार करणारी मज्जा खालावते, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. जगभर या चुकीने माणसे दगावली आहेत. आता आपल्या घरात काय घडते पाहा. विद्यार्थी सांगतो, “हफ्ते में एक”. आजी ऐकते, आणि घरी येऊन सुनेला सांगते, “एक गोळी दिली आहे.” हफ्ता वाटेत गळून जातो. शिवाय ‘हप्ता’ म्हटले की आपल्या कानाला पैसे भरणे आठवते. आम्ही ठरवले की वार म्हणायचा. ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर थांबायचे नाही. ‘फक्त गुरुवारी, इतर कुठल्याही दिवशी नाही’, असे सांगायचे आणि आजीकडून परत म्हणवून घ्यायचे. उपासाचा वार विसरणारी आजी मी अजून पाहिलेली नाही. गोळीबरोबर जे फॉलिक अ‍ॅसिड देतात त्याचा वार डॉक्टर सांगतील तो, आणि तोही नावानिशी.

तर आता आमच्याकडे एक वही तयार होते आहे. तिला ग्रंथ म्हणू नका, कोश तर मुळीच नाही. प्रत्येक पानावर वर एक शब्द, त्याखाली तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसेच्या तसे, ग्वाल्हेरी मराठीतल्या हिंदीसकट. मग त्या शब्दावर विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न कोणता विचारावा तो. आणि शेवटी त्याच्या पुस्तकात हे कुठल्या नावाने भेटेल ते. वाक्य शुद्ध करून घ्यायचे नाही, असा आमचा नियम आहे. ‘जोडांमध्ये फार दुखतं’ असे बाई म्हणाल्या असतील तर ‘जोड’च राहील; त्याचा ‘सांधा’ केला तर पुढच्या वेळी विद्यार्थ्याला तो शब्द ओळखू येणार नाही. शुद्धलेखनाच्या तासाला मी कडक आहे हे माझे विद्यार्थी सांगतील. इथे मी नाही.

त्यात देहाचे शब्दही आले. गुडघ्याची ‘वाटी’, मणक्यातली ‘गादी’, सांध्यातले ‘वंगण’. हे शब्द विद्यार्थ्यांना एका दिवसात आवडले. परंतु त्यांच्याबरोबर सावधगिरीचे एक पान जोडावे लागले. ‘वंगण संपलं’ असे एकदा म्हटले की माणूस स्वतःला मोडकळीला आलेले यंत्र समजतो आणि चालणे सोडतो. झिजेच्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा तर मोठा आधार. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याचे निम्मे काम हा गैरसमज काढण्यात जाते. बोलीतला प्रत्येक शब्द पूजेला लावण्याजोगा असतो असे माझे म्हणणे नाही. काही शब्द समजून घेण्यासाठी असतात, परत वापरण्यासाठी नव्हे.

मी अकादमीकडे मागणी करते ती एवढीच. आमची वही एका शहराची आहे. बेळगावच्या, गोव्याच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या मराठी घरांत सांधे दुखतातच, आणि तिथे शेजारची भाषा कन्नड आहे, कोकणी आहे, गुजराती आहे, तेलुगू आहे. तिथल्या आज्या काय म्हणतात ते तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी टिपावे. एमएच्या प्रबंधिकेसाठी याहून जिवंत विषय मला दिसत नाही. छपाईचा खर्च फार नाही. तपासून घ्यायला अस्थिरोगाचा आणि सांधेरोगाचा एकेक डॉक्टर मात्र हवा. नाहीतर आपण भाषेची माणसे उत्साहाच्या भरात चुकीचे वैद्यक छापून मोकळे होऊ.

वहीतले एक पान अजून कोरे होते. सुजेची सांधेदुखी कधी शांत असते आणि कधी एकाएकी वाढते. आठ-पंधरा दिवस सगळे सांधे पेटतात. याला इंग्रजीत फ्लेअर म्हणतात. याच्यासाठी आम्हाला ‘वाढलंय’ यापलीकडे शब्द मिळत नव्हता, आणि ‘वाढलंय’ तर रोजच्या दुखण्यालाही म्हणतात. आज सकाळी नाश्त्याच्या वेळी बेळगावहून आलेल्या एका शिक्षिकेने त्यांच्या आईचे वाक्य सांगितले : “परत उचल खाल्ली बघ दुखण्यानं.” मी ते कागदी रुमालावर लिहून घेतले आहे.